एक पाकीट, एक लिटर आणि प्रशिक्षणाचा आराखडा

'दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचंय. विषय अतिसार आणि ओआरएस. चोवीस बायका आहेत, हॉल मिळालाय, पीपीटी तयार आहे.' मुंबईच्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्थांची मागणी बहुतेक वेळा अशीच येते. तिच्यात दिवस आहेत, डोकी आहेत, जागा आहे, स्लाइडसुद्धा आहेत. प्रशिक्षण संपल्यावर त्या चोवीस जणींनी, म्हणजे वस्तीत काम करणाऱ्या सेविकांनी, नेमकं काय करून दाखवायचं, तेवढं मात्र कुठेच नाही. आणि सगळा आराखडा उभा राहतो तो त्या एका उत्तरावर.

इन्स्ट्रक्शनल डिझाइन, म्हणजे बी.एड.च्या पुस्तकी मराठीत अनुदेशन आराखडा, हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर पाच चौकोन येतात: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. ही रीत १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी लष्करासाठी बांधली गेली. हजारो सैनिकांना एकाच दर्जाचं काम शिकवायचं होतं आणि प्रत्येक ठिकाणचा प्रशिक्षक आपल्या मनाने शिकवत होता, अशी ती अडचण. मात्र पाच चौकोन एका ओळीत काढले की लोकांना वाटतं, पहिला संपवायचा मग दुसरा. प्रत्यक्षात मूल्यमापनाचा कागद दुसऱ्याच टप्प्यात लिहून व्हावा लागतो आणि निर्मिती चालू असताना दोनदा तरी विश्लेषणाकडे परत यावं लागतं. हे कसं, ते ओआरएसच्याच उदाहरणावर बघू. काम छोटं आहे, पण त्यात चुकायच्या सगळ्या जागा आहेत.

विश्लेषण म्हणजे प्रश्नावली वाटणं नव्हे. 'ओआरएस कसं करायचं माहीत आहे का?' असं विचारलं की दहापैकी नऊ जणी हो म्हणतात, आणि त्या खोटंही बोलत नसतात. सात-आठ घरांत जा, पाकीट हातात द्या आणि म्हणा, 'ताई, जरा करून दाखवा.' मग खरं काय ते दिसतं. एक लिटरचं पाकीट पाण्याच्या पेल्यात रिकामं होतं. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्यासाठी पिन लावून डब्यात. चव बरी यावी म्हणून वर चमचाभर साखर. पाणी शुद्ध व्हावं म्हणून पाकीट टाकल्यावर द्रावणच उकळायला ठेवलं जातं. यातली प्रत्येक चूक वेगळ्या कारणाने होते, म्हणून उपायही वेगळा लागतो. पेल्याची चूक मापाची. बाजारात एक लिटरचं पाकीटही मिळतं आणि २०० मिलीचंही, आणि दोन्हींवरचा मजकूर मुंगीएवढ्या अक्षरांत. अर्ध्या पाकिटाची चूक काटकसरीची. साखरेची चूक जुन्या ज्ञानाची, त्याबद्दल पुढे लिहितो.

या फेरीत आणखी एक गोष्ट वहीत टिपायची: लोक कोणता शब्द वापरतात. पुस्तिकेत 'अतिसार' असतो. वस्तीत 'जुलाब', 'हगवण', 'दस्त' आणि सगळ्यात जास्त 'लूज मोशन'. शेजारीण विचारते, 'पोराला लूज मोशन लागलेत का?' चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शी, ही व्याख्या शिकवायची तर ती 'पातळ शी' याच शब्दांत लिहायची. पुस्तिका वाचून घरी जाणारी सेविका शेजारणीला 'अतिसार' म्हणणार नाही. तिला तो शब्द मनातल्या मनात उलथवावा लागतो आणि तेवढ्यात अर्धा अर्थ सांडतो.

विश्लेषणाचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न अमेरिकी प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी विचारायला शिकवला. जिवावर बेतलं तरी या माणसाला हे काम जमलं नसतं का? नसतं, तर प्रशिक्षण द्या. जमलं असतं आणि तरीही तो करत नसेल, तर अडचण दुसरीकडे आहे. जुलाबात ओआरएससोबत देतात त्या झिंकच्या गोळ्यांचं बघा. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, असं चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळ्या फडताळात राहतात. चौदा हा आकडा सेविकेला पाठ असतो, आईलाही सांगितलेला असतो. इथे आणखी एक तासाचं भाषण देऊन काही हलणार नाही. चौदा चौकोनांचा छापील कागद स्ट्रिपला स्टेपल करा, आईने रोज एक चौकोन खोडायचा आणि आठव्या दिवशी सेविकेने एकदा डोकावायचं. हा कागद म्हणजे कामाच्या जागी लागणारी मदत. ती स्वस्त असते आणि कार्यक्रमातला पाऊण तास वाचवते. आणि केंद्रावर पाकिटंच नसतील, तर कितीही सुंदर आराखडा काढा, फरक शून्य. ही गोष्ट मागणी करणाऱ्या संस्थेला पहिल्याच बैठकीत सांगायला हवी. बहुतेक डिझायनर सांगत नाहीत, कारण काम हातचं जातं.

आता उद्दिष्ट. 'सहभागींना ओआरएसविषयी माहिती मिळेल' हे उद्दिष्ट नाही, ते निमंत्रणपत्रिकेतलं वाक्य आहे. मेगर यांच्या पद्धतीत उद्दिष्टाला तीन अवयव असतात: माणूस काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि कितपत अचूक करेल. म्हणजे असं लिहायचं: 'घरातली भांडी आणि एक लिटरचं पाकीट दिल्यावर, पोस्टर न पाहता, सेविका पाच मिनिटांत द्रावण करून दाखवेल. आठ पायऱ्या क्रमाने, पाण्याच्या मापात ५० मिलीपेक्षा जास्त चूक नाही.' यातले 'घरातली भांडी' हे दोन शब्द सगळ्यात मोलाचे. प्रयोगशाळेतलं मापपात्र वापरून शिकवलं की घरी गेल्यावर हात थबकतो, कारण मापपात्र घरी नसतं. एक लिटरची पाण्याची प्लास्टिकची बाटली मात्र जवळजवळ प्रत्येक घरात असते. ती स्वच्छ धुऊन नेहमी भरलेली येते तेवढी भरायची, हेच माप.

उद्दिष्ट लिहून झालं की लगेच परीक्षा लिहायची. स्लाइडला अजून हात लावायचा नाही. आठ पायऱ्या अशा पडतात: साबणाने हात धुणं, पाकिटावर किती पाण्यासाठी आहे ते वाचणं, स्वच्छ पिण्याचं पाणी मोजणं, पूर्ण पाकीट टाकणं, दाणे दिसेनासे होईपर्यंत ढवळणं, झाकणं, चमच्याने किंवा वाटीने थोडं थोडं पाजणं, चोवीस तासांनी उरलेलं फेकणं. शेवटची पायरी अर्थातच तोंडी विचारावी लागते.

आणि इथे हमखास होणारी चूक म्हणजे ऐंशी टक्क्यांना पास. आठ पायऱ्यांपैकी एकच चुकली तर साडेसत्त्याऐंशी टक्के होतात. पण ती एक चूक म्हणजे लिटरचं पाकीट २०० मिलीच्या पेल्यात टाकणं असेल तर? प्रमाणित ओआरएसच्या पाकिटात २०.५ ग्रॅम पूड असते. ती एक लिटरमध्ये विरघळली की सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल प्रतिलिटर होतं आणि द्रावणाची एकूण तीव्रता २४५. पेल्यात सगळं पाचपट: सोडियम ३७५, तीव्रता बाराशेच्या वर. असं द्रावण आतड्यातून शरीरात पाणी न्यायच्या ऐवजी शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं आणि रक्तातलं मीठ वाढवतं. म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के मिळवून पास झालेली सेविका बाळाला धोक्यात घालू शकते. म्हणून तपासयादीत तीन पायऱ्यांवर लाल खूण करायची: पाकीट वाचणं, पाणी मोजणं, पूर्ण पाकीट टाकणं. लाल खुणेची एक जरी चुकली तरी बाकीचे गुण न मोजता पुन्हा सराव. इतर पाचांत एखादी राहिली तर चालवून घेता येतं. तोंडी सांगून दुरुस्त करायची.

परीक्षा कृतीची घ्यायची की तयार वस्तूची, हाही निर्णय इथेच होतो. शिवणाच्या वर्गात काज नीट आहे का ते कापड उलटून दिसतं, शिवताना डोक्यावर उभं राहायची गरज नसते. पण रंग-वास नसलेल्या पाकिटाचं द्रावण तीन भांड्यांत करा: एक लिटरमधलं, पेल्यातलं, दोन लिटरमधलं. तिन्ही ओळीत ठेवा. डोळ्यांना तिन्ही जवळजवळ पाणीच. केलेलं बघून चूक कळत नाही, म्हणून करताना बघावं लागतं. ही तीन भांडी पहिल्या दिवशी सकाळी टेबलावर ठेवून 'यातलं बरोबर कोणतं?' असं विचारलं, तर पुढचा अर्धा तास वेगळी प्रस्तावना लागत नाही.

यादी झाली की दोन परीक्षकांना एकाच बाईचं प्रात्यक्षिक बघून वेगवेगळे गुण द्यायला सांगा. गुण जुळले नाहीत तर दोष बहुधा यादीतल्या शब्दांचा. 'नीट ढवळलं' यावर दोघांचं कधीच एकमत होत नाही, 'तळाशी दाणे दिसत नाहीत' यावर होतं. 'स्वच्छ हात' ऐवजी 'साबण लावला, बोटांच्या बेचक्यांत चोळला'.

वेळेचं गणित कागदावर न मांडता कार्यक्रम ठरवला की तो कोसळतो. 'दहा ते पाच, दोन दिवस' हे ऑफिसात बसून ठरतं. वस्तीतल्या बाईला नळाला पाणी यायची वेळ, पोरांची शाळा आणि संध्याकाळचा स्वयंपाक सोडून मिळतो तो वेळ साधारण साडेअकरा ते साडेतीन. त्यातून जेवणाचा अर्धा तास वजा केला की २१० मिनिटं. सलग दोन दिवस घेण्याऐवजी एकेका आठवड्याच्या अंतराने तीन मंगळवार घ्या, म्हणजे ६३० मिनिटं मिळतात. रविवार टाळा, मेगाब्लॉकने प्रशिक्षकच पोहोचत नाहीत. मे महिना टाळा, अर्धी मुंबई गावाला. पावसात पोटाच्या तक्रारी वाढतात, म्हणून मुख्य बॅच एप्रिलमध्ये आणि उजळणी जुलैत, गणपतीच्या आधी.

आता या ६३० मिनिटांतून अंतिम परीक्षा आधी बाजूला काढा. माणशी सहा मिनिटं, चोवीस जणी, म्हणजे १४४ मिनिटं. एकच परीक्षक असेल तर अडीच तास बाकीच्या तेवीस जणी गप्पा मारत बसतील. तीन परीक्षक असतील तर ४८ मिनिटांत उरकतं. म्हणजे तीन परीक्षक हवेत हे परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, आराखड्याच्या टप्प्यावर कळायला हवं. साहित्याचंही तसंच. सरावाला माणशी एक आणि परीक्षेला एक अशी ४८ पाकिटं, नापासांच्या पुन्हा-सरावासाठी १२, एकूण ६०. प्रत्येकाला एक लिटर धरून ६० लिटर पाणी, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. पिण्याचं पाणी वेगळं. हॉलमध्ये नळ असेल या भरवशावर राहू नका. उरलेल्या वेळात भाषण एक चतुर्थांशाहून जास्त नको.

सरावाचा क्रम बघा. सुरुवातीला प्रशिक्षक न बोलता पूर्ण कृती करून दाखवतो. मग तीच कृती बोलत बोलत, 'आता पाकीट वाचते, एक लिटर लिहिलंय' अशी. त्यानंतर बायकांच्या हातात अर्धवट काम द्यायचं: पाणी मोजून ठेवलेलं, पुढचं त्यांनी करायचं. मग मोजण्यापासून. मग सगळं एकटीने, शेजारणीने यादी धरून तपासायचं. नवशिक्या माणसाच्या डोक्यात एका वेळी चार-पाच नव्या गोष्टींपेक्षा जास्त मावत नाही, म्हणून आधार एकदम न काढता एकेक काढायचा. चौघींचा एक गट, असे सहा गट. सहा जणींचा गट केला की दोघी नुसत्या बघत राहतात.

आता त्या साखरेच्या चमच्याकडे येतो. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, ही घरगुती कृती बऱ्याच जणींना आधीपासून ठाऊक असते. ती चांगलीच आहे. पण पाकिटाची आणि घरगुती कृती एकाच सत्रात शिकवली की दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि पाकिटातही साखर पडते. सारख्या दिसणाऱ्या दोन कृती शिकवायच्या असतील तर पहिली हातात बसू द्या, मग तिसऱ्या मंगळवारी दुसरी घ्या, आणि घेताना फरकच समोर ठेवा: पाकिटात काहीही मिसळायचं नाही.

पायऱ्या आल्या तरी वापर होईलच असं नाही, कारण मध्ये समजुती उभ्या असतात. 'पाणी पाजलं की जुलाब वाढतात.' 'दात येताना असं होतंच.' आणि सगळ्यात घातक, न बोललेली अपेक्षा: ओआरएस दिलं की जुलाब थांबले पाहिजेत. ओआरएस जुलाब थांबवत नाही, ते गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं. हे आईला आधी सांगितलं नाही तर दोन वाट्या पाजून ती म्हणते, 'काही फरक नाही,' आणि भांडं मोरीत ओतते. म्हणून सेविकेच्या सरावात हा संवाद हवाच. एक आई होते, एक सेविका, आणि आईचं वाक्य ठरलेलं: 'कालपासून देतेय, थांबत नाहीत.' सेविकेने काय म्हणायचं ते छापून देऊ नका. तिच्या उत्तरात तीन मुद्दे आले की नाही एवढंच तपासा: हे पाण्याची भर करतं, प्रत्येक पातळ शीनंतर द्यायचं (दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यावरच्याला १०० ते २००), उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश द्यायचं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं हा चौथा मुद्दा. तो सगळ्याच विसरतात, म्हणून सरावात आईने मुद्दाम विचारायचं.

दुसऱ्या मंगळवारची सुरुवात उजळणीच्या भाषणाने करू नका. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत पाच मिनिटांनी विचारल्यावर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारल्यावर स्वतःच्या आठवणीतून काढणारे. वर्गात प्रशिक्षकाला नेहमी ती पहिली पाच मिनिटंच दिसतात, त्यामुळे वाचून दाखवणं त्याला फार परिणामकारक वाटतं. म्हणून आल्या आल्या, पोस्टर उलटं लावून, प्रत्येकीने जोडीदारणीला आठ पायऱ्या सांगायच्या. लिहिता येत नसेल तर वस्तू क्रमाने मांडायच्या. गाळलेली पायरी जोडीदारणीने सांगायची, प्रशिक्षकाने नाही.

धोक्याची लक्षणं हा भाग वेगळ्या जातीचा आहे. इथे हाताचं काम नाही, ओळखायचं काम आहे. सुस्त पडलेलं मूल, पिऊ न शकणारं, शीतून रक्त, खोल गेलेले डोळे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की अगदी सावकाश बसणं. ही यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही. दहा-बारा छोट्या चित्रफिती सरमिसळ दाखवा, काही धोक्याच्या, काही नुसत्या रडक्या, किरकिऱ्या मुलांच्या, आणि प्रत्येकीला 'घरी' किंवा 'दवाखाना' असं कार्ड वर धरायला लावा. नुसती धोक्याचीच उदाहरणं दाखवली तर बाई प्रत्येक मूल दवाखान्यात पाठवते आणि चार वेळा परत पाठवलं की पाचव्यांदा पाठवत नाही.

साहित्य छापायला टाकण्यापूर्वी ते एका व्यक्तीवर तपासायचं. विषय माहीत नसलेली एक बाई, तिच्या हातात पुस्तिका आणि पाकीट, आणि आपण शेजारी तोंड मिटून बसायचं. ती जिथे थांबते, मागचं पान उलटते, तिथे पेन्सिलीची खूण करायची. समजावून सांगायचा मोह होतो, पण तोंड उघडलं की चाचणी संपली. अशा तिघी-चौघींवर दुरुस्त्या झाल्या की मग सात-आठ जणींच्या गटावर, मग पहिली खरी बॅच. पवईच्या आयआयटीत 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांच्या धड्याची संहिताही ध्वनिमुद्रणाआधी नवशिक्याकडून तपासून घेतात. दहा मिनिटांच्या धड्याला जी शिस्त लागते, ती तीन दिवसांच्या कार्यक्रमाला नको हे कुठलं गणित? चित्रांत बाटलीचा आकार, पाकिटाचा रंग बाजारात मिळतो तसाच हवा. परदेशी चित्रातला पाण्याचा जग बघून बायका तसाच जग घरात शोधत बसतात.

तिसऱ्या बॅचला प्रशिक्षक बिघडतो. बिघडतो म्हणजे कंटाळतो: सराव कमी होतो, बोलणं वाढतं, वेळेत संपल्यासारखंही वाटतं. हे पकडायला वर्गात जाऊन बसायची गरज नाही. संपलेली पाकिटं मोजा. चोवीस जणी आणि वापरलेली पाकिटं एकोणीस असतील तर काय झालं ते उघड आहे.

शेवटच्या दिवशी भरून घेतला जाणारा अभिप्रायाचा फॉर्म ठेवायचा तर ठेवा. त्यातून वडापाव गरम होता का आणि पंखा चालू होता का हे कळतं. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या: आवडलं का, आलं का, कामावर वापरलं का, फरक पडला का. आपल्याकडे पहिलीवरच गाडी थांबते. तिसरी पातळी गाठायला फार खर्चही लागत नाही. सहा आठवड्यांनी चोवीसपैकी सहा सेविका चिठ्ठ्या टाकून निवडायच्या. प्रत्येकीसोबत पाच वर्षांखालचं मूल असलेल्या दोन घरी जायचं. सेविकेला काही विचारायचं नाही. आईला पाकीट द्यायचं, 'जरा करून दाखवा' म्हणायचं आणि तीच आठ पायऱ्यांची यादी काढायची. बारा घरांत लाल खुणांपैकी कोणती पायरी सगळ्यात जास्त चुकली ते जुलैच्या उजळणीच्या कागदावर वरच्या ओळीत जातं. ती पायरी बहुतेक वेळा पाणी मोजायची असते, कारण एव्हाना त्या बाटलीत कुणीतरी रॉकेल नाहीतर फिनेल भरून ठेवलेलं असतं, आणि दुसरं माप आपण शिकवलेलंच नसतं.